मेणवलीच्या वाड्याने मांडलेली बैठक

मैत्रिणींनो, दसरा झाला आणि दिवाळीची चाहूल लागली की तुमच्या-माझ्या डोक्यात एकच विचार घोळू लागतो – यंदा घराचं काहीतरी करायचंच! भिंतींचे पोपडे निघालेले असतात, पडद्यांचा रंग उडालेला असतो, सोफ्याच्या कोपऱ्यातून स्पंज डोकावत असतो आणि नेमकी त्याच वेळी एखादी मैत्रीण आपला नवाकोरा हॉल दाखवायला चहाला बोलावते. परत येताना तिच्या जिन्यातच आपलं घर आपल्याला कळकट वाटायला लागतं. खरं की नाही?

माझंही गेल्या वर्षी अगदी असंच झालं. आम्ही कऱ्हाडला राहतो. दोन बेडरूम, स्वयंपाकघर, एक गॅलरी आणि दहा बाय चौदाचा हॉल. मी सकाळी तीन तास शाळेत मराठी शिकवते. त्या पगारातून दोन वर्षं थोडे थोडे करून ८०,००० रुपये मी बाजूला टाकले होते, ते केवळ या हॉलसाठी. दसऱ्याच्या आधी एका डेकोरेटरला बोलावलं. तो टेप घेऊन आला, भिंती मोजल्या आणि दोन दिवसांनी झकास चित्र काढून आणलं. वर प्लास्टरचं खोटं छत, त्यात लपवलेले दिवे, खाली एल आकाराचा सोफा, टीव्हीच्या मागे चकचकीत फळ्या. खर्च १,४०,०००. “उरलेले हप्त्याने द्या, मॅडम,” तो म्हणाला. आणि मग दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून, “फक्त ती पेटी तेवढी काढावी लागेल. तिच्यामुळे सगळा लूक जातो.”

ती पेटी माझ्या सासूबाईंची. सागवानी, पितळेच्या पट्ट्या मारलेली. त्यांच्या लग्नात माहेराहून आलेली. गेल्या चैत्रात मामंजी गेले. पाटण तालुक्यातल्या खेड्यातलं घर बंद करून आम्ही सासूबाईंना आमच्याकडे आणलं, तेव्हा त्यांनी बरोबर घेतलं ते फक्त या पेटीला. मी डेकोरेटरला म्हटलं, “बघू या. जाईल ती कुठेतरी.” सासूबाई तेव्हा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना ऐकू गेलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

आता एक गोष्ट तुम्हांला मोकळेपणाने सांगते. सासूबाई आमच्याकडे आल्यापासून रोज सकाळी चहा झाला की मला विचारायच्या, “मी कुठं बसू गं?” आणि मी कणीक मळता मळता म्हणायची, “बसा ना आई, कुठेही बसा. सगळं घर तुमचंच आहे की!” मला वाटायचं, याहून चांगली सून ती काय असते! पण त्या बसायच्या कुठे? सोफा खोल, त्यात बसलं की गुडघ्यांमुळे उठवत नाही. खाली बसणं तर डॉक्टरांनी बंदच केलेलं. मुलांच्या खोलीत अभ्यास चाललेला. मग दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्या कडेवर त्या बसायच्या. कोणी आलं-गेलं की उठून उभ्या राहायच्या, जणू आपणच पाहुण्या. हळूहळू बोलणंही कमी झालं होतं. आम्ही समजत होतो, मामंजींचं दुःख आहे. काळ जाईल तसं ओसरेल.

दसऱ्यानंतरच्या रविवारी यांनी आपणहून विषय काढला. “आई, तुला वाईचा ढोल्या गणपती बघायचा होता ना? चल, आज जाऊन येऊ.” डबा भरला आणि आम्ही पाचही जण निघालो. कऱ्हाडहून सातारा साधारण पन्नास किलोमीटर. साताऱ्याच्या पुढे पुण्याच्या दिशेने गेलं की पाचवडला वाईचा फाटा लागतो. एस.टी.ने जाणार असाल तर साताऱ्याहून वाईला गाड्या मिळतात. पाऊस नुकताच उघडलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि हळदीची रुंद, हिरवीगार पानं. वाईची हळद तुम्ही-आम्ही ऐकून असतोच, पण डोंगराच्या कुशीत ती अशी उभी पाहिली म्हणजे डब्यातल्या त्या पिवळ्या पुडीचीही किंमत वाढते.

वाईत कृष्णेच्या काठी घाटांमागून घाट आहेत. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती एवढी भव्य की बाकीची आठवण राहत नाही. पण यांनी आम्हांला मुद्दाम देवळाच्या मागच्या बाजूला नेलं. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकाराची, टोकदार बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. देऊळ तसंच उभं. सासूबाई ती भिंत बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बांधणाऱ्यानं आधी नदी बघितली, मग भिंत घातली.” कितीतरी दिवसांनी त्या एवढं एक सलग वाक्य बोलल्या होत्या.

वाईपासून धोमच्या रस्त्याला तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. शाहरुख खानच्या ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटात हे गाव आणि तिथला घाट दिसतो, हे आमच्या लेकीला ठाऊक होतं. त्यामुळे तिचा उत्साह नानांपेक्षा शाहरुखसाठी जास्त! आम्हां मराठीच्या बाईंना मात्र नानाच आठवले. बाळाजी जनार्दन भानू, पेशव्यांचे कारभारी, बारभाईंच्या कारस्थानातले मुख्य. १८०० साली ते वारले. त्यांची हजारो कागदपत्रं या वाड्यात होती. इतिहासाचे अभ्यासक त्यांनाच ‘मेणवली दप्तर’ म्हणतात.

मैत्रिणींनो, वाड्याच्या मोठ्या दरवाजातून आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. बाहेर ऑक्टोबरचं चटका देणारं ऊन होतं, आणि आत? जणू कोणी अंगावर ओला पंचा टाकला! पंखा नाही, कूलर नाही. भिंती मात्र अशा जाड की आमची अख्खी कपाटं त्यांच्या आत मावतील. जाड भिंत दिवसभराचं ऊन सावकाश पिते, आणि ते आतवर पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शिवाय मधे उघडे चौक. या वाड्यात असे सहा चौक आहेत. तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतली गार हवा खोल्यांमधून वाहत येते. हे शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण पाठ केलेलंच असतं, पण कळलं मात्र मला त्या चौकात पदर उडाला तेव्हा.

दुसरी गोष्ट उजेडाची. चौकातलं ऊन थेट अंगावर येत नव्हतं. ते आधी चौकातल्या फरशीवर पडत होतं, तिथून भिंतीवर आणि तिथून सोप्यात. त्यामुळे डोळ्यांना कुठे तिरीप नाही, पण खांबावरचं कोरीवकाम मात्र स्पष्ट दिसतंय. वर लाकडी छत. भिंतींवर त्या काळची रंगीत चित्रं अजून दिसतात. काही पुसट झाली आहेत, पण दोन-सव्वादोनशे वर्षांनी आपल्या हॉलचा ऑइलपेंट कसा दिसेल याची कल्पना करा आणि मग बोला!

तिसरी गोष्ट मला बाई म्हणून दिसली. सामान कुठे होतं या लोकांचं? खोलीच्या मधे काही नाही. भिंतीतच कोनाडे, भिंतीतच देवळ्या, भिंतीतच फडताळं. दिवा ठेवायचा तो कोनाड्यात, पोथी ठेवायची ती देवळीत. जमीन सगळी मोकळी. बसायला, झोपायला, पंगत मांडायला, बाळाचा पाळणा टांगायला. एकाच खोलीची दिवसातून चार रूपं. आणि आम्ही? दहा बाय चौदाच्या खोलीत सोफा, टीपॉय, शोकेस, टीव्हीचं टेबल, शू-रॅक आणि मुलाची सायकल! खोली लहान नव्हतीच कदाचित. आम्हीच ती भरून टाकली होती.

मी असा विचार करत पुढे गेले आणि पाहते तर सासूबाई मागेच राहिलेल्या. चौकाच्या कडेला सोप्याचं जोतं आहे ना, त्यावर त्या बसल्या होत्या. पाय खाली सोडून, पाठ खांबाला टेकून. डोईवरचा पदर सावरलेला. आणि आमची लेक त्यांच्या पुढ्यात उभी. त्या तिला हात करून करून सांगत होत्या – “ह्याला जोतं म्हणायचं. ह्यो सोपा. खांबाखाली दगड हाय न्हवं, तो तळखडा. लाकडाला ओल लागू नये म्हणून. आन् आत ते माजघर. आपल्या घरालाबी सोपा होता, मातीचा होता एवढंच. मी दुपारी तिथं बसूनच शेंगा फोडायची. रस्त्यानं जाणारी-येणारी सगळी बोलून जायची.”

लेकीने विचारलं, “आजी, मग आपल्या घरी तू का नाही गं बोलत?”

सासूबाई हसल्या. म्हणाल्या, “तिथं बसायचं कुठं, बाळ?”

मी चार पावलांवर उभी होते. काय वाटलं असेल मला, ते तुम्ही समजून घ्या. रोज सकाळी तोच प्रश्न त्या मला विचारत होत्या आणि रोज मी ‘कुठेही’ म्हणत होते. ज्या घरात ‘कुठेही’ बसायचं, त्या घरात आपली अशी एकही जागा नसते, हे मला एवढी बी.ए. होऊन कळलं नव्हतं. गावाकडे त्यांचं घर मातीचं होतं, पण सोप्यावरची ती जागा त्यांची होती. तिथे बसून त्यांना घरही दिसायचं आणि रस्ताही. आमच्याकडे त्यांना मिळाली ती दाराजवळची खुर्ची. घरातली नाही, बाहेरचीही नाही.

मी जाऊन शेजारी बसले. जरा वेळाने त्याच म्हणाल्या, अगदी शांतपणे, “पेटी द्यायची असली तर दे हो. माझं काही म्हणणं नाही. आत मामंजींचा फेटा हाय, तेवढा काढून घेते.”

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं! आणि दहा दिवस मनात ठेवलं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी नुसता त्यांचा हात धरला. आणि मग, तुम्ही हसाल, पण मास्तरीण ती मास्तरीणच – मी हाताने ते जोतं मोजलं. बरोबर दोन वीत. म्हणजे साधारण अठरा इंच. एवढ्या उंचीवर म्हाताऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात, गुडघे काटकोनात राहतात आणि उठताना हातावर भार द्यावा लागत नाही. आमचा सोफा दबला की जेमतेम एक वीत उरतो. सासूबाईंचे गुडघे का कुरकुरत होते, ते मला डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा त्या जोत्याने नीट समजावलं.

मग आम्ही वाड्यामागच्या घाटावर गेलो. दगडी पायऱ्या सरळ कृष्णेत उतरतात. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथून आलेली ही घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. कुठली घंटा कुठे आली आणि शंकराच्या अंगणात कशी मुक्कामाला राहिली! यांनी दशम्या सोडल्या. सासूबाई पायरीवर बसून पाण्याकडे बघत जेवल्या आणि एक दशमी मागून घेतली. कितीतरी महिन्यांनी.

एक सांगते, वाडा पाहून मी भारावले असले तरी तिथे जाऊन राहा म्हटलं तर मी राहायची नाही. जुन्या वाड्यांतल्या आतल्या खोल्या अंधाऱ्या. चुलीच्या धुराने त्या काळच्या बायकांचे डोळे गेले असतील. चौकातलं ऊन-वारं सदरेवरच्या पुरुषांना, आणि माजघराच्या मागचा अंधार बायकांना, अशीच बहुतेक वाटणी. तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पण त्या बांधणाऱ्याने आधी ऊन पाहिलं, वारा पाहिला, कोण कुठे बसेल ते पाहिलं आणि मग घर मांडलं. आम्ही आधी सोफा पाहिला होता.

परतताना गाडीत हे म्हणाले, “मग डेकोरेटरला काय कळवायचं?” मी म्हटलं, “नको म्हणून कळवा.” यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. काही वेळा हे फार शहाण्यासारखे वागतात!

आता तुम्ही म्हणाल, पुढे केलंत तरी काय? तेच सांगते. कदाचित तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी काहीच विकत आणलं नाही. उलट हॉल संपूर्ण रिकामा केला आणि एक दिवस तसाच ठेवला. सकाळी आठला, दुपारी बाराला, चारला आणि दिवेलागणीला उजेड कुठून येतो आणि कुठवर पोचतो, हे लेकीने खडूने जमिनीवर आखून ठेवलं. तुम्हीही हे करून पाहा. आमच्या लक्षात आलं की सर्वांत छान उजेड आणि वारा गॅलरीच्या दारापाशी आहे, आणि तिथे आम्ही काय ठेवलं होतं? शू-रॅक आणि रद्दीचा गठ्ठा! जुना सोफा तर खिडकीला पाठ करून होता, म्हणजे निम्मा उजेड त्याच्या पाठीवर.

मग पेटी. आधी सासूबाईंना विचारलं, “आई, तुमची पेटी गॅलरीच्या दारापाशी ठेवून तिची बैठक केली तर चालेल?” त्यांनी एकदम ‘हो’ म्हटलं नाही. झाकणावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “खिळा मारायचा नाही.” ठीक. पेटी मोजली, पंधरा इंच. वर तीन इंचांची घट्ट कापसाची गादी घातली की अठरा. मेणवलीच्या जोत्याएवढी! एवढ्या उंचीची गादी मुद्दाम गादीवाल्याकडून दाबून भरून घेतली. स्पंजाची घेतली असती तर बसल्याबरोबर दोन इंच खाली गेली असती. पाठीला लोड, वर सोलापुरी चादर. सुताराकडून भिंतीला हाताच्या उंचीवर एक लाकडी दांडा बसवून घेतला, उठताना धरायला. पेटीला खिळा नाही. आतलं काढायचं तर गादी उचलायची की झालं.

रंगाचा किस्सा मात्र फजितीचा. मी ठरवलं, वाड्यासारखा पिवळा-मातकट रंग द्यायचा. एक भिंत झाली आणि खोली इवलीशी दिसायला लागली. वाड्यात छत उंच, चौक उघडा. तिथे तो रंग शोभतो. आमच्या नऊ फुटी छताखाली नाही. मग छत पांढरं, भिंती दुधावरच्या सायीच्या रंगाच्या आणि फक्त पेटीमागच्या भिंतीचा खालचा साडेतीन फुटांचा पट्टा मातकट ठेवला. पाठ टेकून तेलाचे डाग पडतात ते तिथेच, त्यामुळे तेही झाकलं जातं. तेव्हा मैत्रिणींनो, रंग ठरवताना डबाभर आणू नका. छोटा नमुना आणून दोन फूट चौकोनात लावा आणि दिवसाउजेडी, रात्री दिव्याखाली असा दोन्ही वेळा पाहा. मगच पुढचा खर्च करा. आमच्या हॉलच्या भिंती, दारं-खिडक्या वजा जाता, सुमारे ३६० चौरस फूट. दोन हातांना सहा ते सात लिटर रंग पुरतो. दुकानदार दहा लिटरचा डबा पुढे करतो, तेव्हा ही बेरीज हाताशी असलेली बरी.

दुसरी फजिती ओलीची. गॅलरीकडच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, हे माहीत असूनही रंगाऱ्याने “काही होत नाही, वहिनी” म्हटलं आणि मी ऐकलं. पंधरा दिवसांत फुगे! ओल आहे का हे पाहायची सोपी युक्ती मला मग कळली. फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. मग आधी बाहेरची चीर नाहीतर गळका नळ बुजवायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची, सुटलेला रंग खरवडायचा आणि नंतरच लांबी, प्रायमर, रंग. ओलीवर रंग म्हणजे तापावर पावडर!

पडद्यांसाठी जुन्या कॉटनच्या दोन साड्या काढल्या. दांडी मात्र खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांब घेतली. पडदे सारले की पूर्ण भिंतीवर जातात आणि काच सगळी मोकळी राहते. खिडकी एकदम मोठी दिसायला लागली, आणि खर्च फक्त दांडीचा. खिडकीसमोरच्या भिंतीवर माझ्या लग्नातला आरसा टांगला; त्यातून उजेड परत खोलीत येतो, वाड्यातल्या फरशीसारखा.

दिव्यांचंही तेच. छताच्या मधे एकच पांढराफेक दिवा होता. त्याखाली सगळेच आजारी दिसायचे. आता पेटीजवळ एक आणि टेबलाजवळ एक असे दोन पिवळसर दिवे लावले. एल.ई.डी. घेताना खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ किंवा २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं पाहून घ्या. शिवाय भिंतीत कोनाडा काही पाडता येईना, म्हणून दाराच्या वर भिंतीभर एक फळी ठोकून घेतली. शोकेसमधली पुस्तकं आणि चार तांब्या-पितळेची भांडी तिथे गेली. शोकेस विकली. मधली जमीन मोकळी झाली, आणि धाकट्याला सायकल घरात आणण्याची नव्याने हौस आली, हा एक तोटा!

सगळा खर्च झाला २३,४०० रुपये. सोफा तोच, फक्त जागा बदलली आणि खोळी नव्या. उरलेल्या पैशांतून गावाकडच्या घराची कौलं चाळून घेतली. तिथेही मे महिन्यात जाऊन राहायचं ठरवलंय.

दिवाळीला मैत्रिणी आल्या. एक म्हणाली, “छान झालंय गं, पण फॉल्स सीलिंग नाही केलंस?” मी नुसती हसले. तिला मेणवलीची गोष्ट सांगायला चकल्या तळता तळता वेळ नव्हता. म्हणून आता तुम्हांला सांगितली.

तेव्हा यंदा घराचं काही करायचं मनात असेल तर टेप हातात घेण्याआधी एवढंच बघा – आपल्या घरातलं प्रत्येक माणूस कुठे बसतं? अभ्यासाला मुलगी कुठे बसते? पेपर वाचायला हे कुठे बसतात? आणि हो, तुम्ही स्वतः कुठे बसता? माझी जागा अजून ओट्यापाशीच उभी आहे, हे मला परवा लेकीने दाखवून दिलं. आता स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली एक दोन वितींचं स्टूल यायचंय.

सासूबाईंनी ‘मी कुठं बसू’ हे विचारायचं कधी थांबवलं, ते मला नेमकं आठवत नाही. परवा शाळेतून घरी आले तर दार उघडंच होतं. त्या पेटीवर बसून गवार मोडत होत्या. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दारात उभ्या होत्या, आत यावं की नाही अशा घोटाळत. सासूबाईंनी गवारीची परडी एका बाजूला सारली, गादीवर हात थोपटला आणि म्हणाल्या, “उभी का? ये, हितं बैस.”